रीफंड म्हणजे पुन्हा फंड

सरकारी खजिन्यात गेलेला पैसा परत घरी येतो, तेव्हा माणसाच्या चारित्र्याची खरी कसोटी लागते. आमच्या घरात ही कसोटी लढाईच्या दिवसांत लागली. त्या वेळी कसोटीला उतरायचे ते गृहस्थ, म्हणजे माझे वडील, जळगावहून पळून धुळ्याला माझ्या खोलीवर येऊन राहिले होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. जळगावात त्यांचे सरकी आणि पेंडीचे दुकान होते. दुकान बेताचेच होते, पण नाना इन्कमटॅक्स भरत. आमच्या गल्लीत तो भरणारे ते एकटेच, आणि ही गोष्ट ते लपवून ठेवत नसत. इतरांना कर चुकवल्याचा आनंद होई, नानांना भरल्याचा. लग्नाची पंगत असो की नळावरचे भांडण, त्यांचे बोलणे 'आम्ही सरकारला कर देणारी माणसे' असे सुरू होई. गावातल्या सभेत त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळे. ती करामुळे मिळते की नाना अर्धा तास आधी जाऊन बसतात म्हणून, याचा एकदा उलगडा करून घ्यावा असे माझ्या मनात होते. पण ते उशिरा आल्याचा प्रसंग कधी सापडला नाही.

मी धुळ्याला एका शाळेत मास्तर होतो. भाड्याची एक खोली, तीत एक बाज, एक पुस्तकांची पेटी. एका सोमवारी सकाळी नाना वळकटी आणि तुपाचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"सहज आलो," म्हणाले.

नाना आयुष्यात सहज असे काही करत नसत. शिंकायचे झाले तरी ते आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहत. पण मी काही विचारले नाही. ते सहा दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ पांझरेच्या काठाने फिरून येत, आणि उरलेला दिवस बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत. गल्लीत पोस्टमनची हाक आली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर उभे धरत. सातव्या दिवशी मला राहवेना.

"नाना, घरी काही झाले का?"

"घरी काय व्हायचे?"

"मग पोस्टमन आला की तुम्ही पेपर उलटा का धरता?"

नानांनी पेपर पाहिला, सुलटा केला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक लांबट सरकारी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले.

त्याचे असे झाले होते. महिन्यापूर्वी तालुक्यात वॉर फंड गोळा करण्यासाठी साहेब आले होते. नानांनी पन्नास रुपये दिले. त्यांना हार घातला गेला आणि फोटो काढला गेला. त्या फोटोत हार स्पष्ट आला होता, नानांचा अर्धा फेटा आला होता, आणि बाकीच्या जागेत मामलेदारांचे कोपर होते. तो फोटो ओसरीवर लागला. या दानाचा आनंद अजून ताजा होता, तोच हे इंग्रजी पत्र आले.

आमच्या गल्लीत इंग्रजी पत्र आले की ते आबांकडे जाई. आबा समोर राहत. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे सगळे इंग्रजी छापील फॉर्मांवरचे होते, आणि फॉर्मच्या बाहेर जे इंग्रजी असते ते त्यांना थोडे उनाड वाटे. त्यांनी चष्मा पुसला, पत्र दोन्ही अंगांनी पाहिले आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"नाना, रीफंड लिहिले आहे."

"म्हणजे काय?"

"री म्हणजे पुन्हा. रीमॅरेज म्हणजे पुनर्विवाह. रीप्रिंट म्हणजे पुन्हा छापणे. तर रीफंड म्हणजे..."

"पुन्हा फंड?" नाना पत्रावर वाकले.

"पुन्हा फंड. आणि तुम्हालाच जातीने हजर राहायला सांगितले आहे. वर आकडा टाकला आहे, एकशे बारा रुपये चार आणे. पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त. एकदा दिलेत ना हसत हसत!"

हे सांगताना नानांचा चेहरा इतका उतरला होता की मला हसता येईना. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पैसे द्यावेत तर हंगाम संपलेला, दुकानात माल पडून. न द्यावेत तर ओसरीवरचा फोटो खोटा ठरतो. नानांनी तिसरी वाट काढली होती. आबांकडून एक इंग्रजी अर्ज लिहून घेतला, तो रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि दुसऱ्या दिवशी चाळीसगावमार्गे धुळ्याची गाडी धरली. त्या अर्जाची नक्कल त्यांच्या खिशात होती. तिचा मराठीत सारांश असा : अर्जदार हा मोठ्या कुटुंबाचा गरीब मनुष्य असून त्याची नम्र विनंती आहे की त्यास रीफंडातून कृपा करून वगळावे.

मी मूळ पत्र दोनदा वाचले. मग सांगितले, "नाना, हे पैसे ते मागत नाहीत. ते देत आहेत."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"सरकार?"

"हो."

"कशाबद्दल?"

आपण सरकारची अशी कोणती सेवा केली, हे ते मनात शोधत आहेत असे त्यांच्या कपाळावरून दिसत होते. मी म्हणालो, ते उद्या कचेरीतच विचारू; कारण पत्र धुळ्याच्याच कचेरीचे होते. नाना ज्या दारापासून पळत होते, ते माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर होते.

कचेरीतला कारकून सभ्य माणूस होता. त्याच्या टेबलावर नानांचा रजिस्टर अर्ज उघडाच होता.

"परतावा घेण्यातून सूट मिळावी, असा अर्ज मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला," तो म्हणाला. "साहेबांनीही पाहिला. त्यांनी जपून ठेवायला सांगितला आहे."

"मजकूर आमच्या वकिलांचा," नाना म्हणाले. आबांना इतकी बढती कचेरीत तीस वर्षे काढूनही मिळाली नव्हती.

मग कारकुनाने कारण सांगितले. नाना उत्पन्नाच्या तक्त्यात दुकानाच्या मिळकतीखाली माझा शाळेतला पगारही लिहीत आले होते. त्यांना यात काही वावगे वाटले नव्हते. मुलगा आमचा, तर पगार कोणाचा? तो पगार मिळवला की आकडा जेमतेम कराच्या रेषेपलीकडे जाई. नवीन साहेबांनी तो वगळला, तेव्हा नाना रेषेच्या अलीकडे आले, आणि तीन वर्षांचा कर परत निघाला. मी मास्तर होऊन तीनच वर्षे झाली होती. गल्लीतले एकमेव करदाते हे पद नानांनी माझ्या फळ्यावर आणि खडूवर मिळवले होते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. म्हणजे हा परतावा एका अर्थी माझा होता. हा अर्थ घरात पुढे कोणी काढला नाही, आणि मीही नाही.

"आता यापुढे तुम्हाला कर लागू नाही," कारकून आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणाला.

नाना एकदम पुढे सरकले. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"थोडासासुद्धा लागू होणार नाही?"

कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

शाळेला सुटी लागली होती, म्हणून मीही नानांबरोबर जळगावला निघालो. धुळे स्टेशनवर ते माझ्या मागून चालत होते. पैसे कोटात होते, पण मान खाली होती. करदाता म्हणून असलेली ओळख त्यांनी एका सहीत परत केली होती. चाळीसगावला गाडी बदलताना मात्र शेजारी एक कापसाचे व्यापारी बसले आणि नानांनी त्यांना सांगितले की सरकारने चूक कबूल केली. पाचोऱ्याच्या पुढे साहेबांनी चूक कबूल करताना खुर्ची सोडली होती. जळगाव यायच्या आत त्यांनी हस्तांदोलनही केले. मी धुळ्याच्या कचेरीत साहेबांना पाहिलेही नव्हते, पण गाडीत बाप-लेकाने एकमेकांना खोडू नये इतकी समज मला होती.

घरी आल्यावर आबांना बोलावून शब्दाचा अर्थ समजावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मग मी काय वेगळे सांगितले? पुन्हा फंड. आला की नाही फंड पुन्हा?"

त्या संध्याकाळी ओसरीवर या पैशाचे काय करायचे याची बैठक बसली. आमचा थोरला भाऊ दुकान पाहत असे. त्याला दुकानात विजेचा दिवा हवा होता. पण नानांचे आधीच ठरले होते. स्टेशनच्या रस्त्यावर लिंबाखाली एक दगडी बाक बसवायचा आणि त्याच्या पाठीवर कोरायचे : सरकारकडून सन्मानपूर्वक परत आलेल्या कराच्या रकमेतून. त्याखाली स्वतःचे नाव. कर गेला तर गेला, दगडावरचे अक्षर कोणता साहेब वगळणार?

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिला सगळे अक्का म्हणत, आम्हीही. तिचे माहेर दोंडाईच्याकडचे आणि बोली तिकडचीच. पस्तीस वर्षे जळगावात काढूनही तिने ती बदलली नव्हती; 'सगळा'ला ती 'बठ्ठा'च म्हणे.

"तुमना दगडना बाकवर बठ्ठा गाव बसी," ती म्हणाली. "मी आंग धोवाले कोठे बसू?"

या प्रश्नाला पस्तीस वर्षांचा इतिहास होता. आमच्या घराला न्हाणीघर नव्हते. बाहेरचे फाटक आणि ओसरी यांच्यामध्ये जे अंगण होते, त्याच्या कडेला एक मोरी होती. दोन बाजूंना कुडाच्या भिंती, तिसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत, आणि चौथ्या बाजूला बांबूवर टाकलेले गोणपाट. पुरुष मंडळी आडावर उघड्याने अंघोळ करत, त्यांना याची अडचण नव्हती. अक्का आणि वहिनी मात्र उजाडायच्या आत उठून अंघोळी उरकत, कारण उजाडले की वारा सुटे आणि वाऱ्याला गोणपाटाची भीड नसे. त्यातूनही कधी उशीर झालाच तर घरात एक रीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषाने लांबूनच खाकरायचे. आतून तांब्या वाजला की थांबायचे. वाजला नाही तर मोरी रिकामी आहे असे समजून पुढे जायचे. अक्काला चार भिंती आणि एक दार हवे होते. ती हे दर उन्हाळ्यात एकदा सांगे आणि नाना दर उन्हाळ्यात एकदा ऐकत.

"सार्वजनिक कामात घरगुती गोष्टी आणू नयेत," नाना म्हणाले.

अक्का गप्प बसली. ती गप्प बसली की तिला पटले, असे नाना समजत, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या या समजुतीला धक्का लागला नव्हता.

बाकाची बातमी आबांनी वाचनालयात नेली. वाचनालयाचे अध्यक्ष एक वकील होते. उद्घाटन आणि भाषण यांचा वास त्यांना फार लांबून येई. त्यांनी निरोप पाठवला की कोरायच्या मजकुरावर विचार करायला कार्यकारी मंडळ रविवारी सकाळी आठला नानांकडे येईल. साडेनऊच्या गाडीने त्यांना भुसावळला एका लग्नाला जायचे होते, तेवढे लवकर आटपावे.

रविवारी आठच्या ठोक्याला अध्यक्ष, चिटणीस आणि तीन सभासद अंगणातून ओसरीवर येऊन बसले. आबा होतेच. अध्यक्ष जरीकाठी उपरणे घालून लग्नाच्या तयारीने आले होते. चहा झाला. चिटणिसांनी इतिवृत्ताची वही उघडली. तेवढ्यात अंगणातल्या मोरीतून तांब्याचे मोठे घंगाळ ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनीची खणखणीत हाक आली :

"अक्का न्हायला बसल्या हो!"

नाना चमकले. अक्का उजाडल्यावर कधी अंघोळ करत नसे. वहिनी इतक्या मोठ्याने कधी बोलत नसे.

"आज केस धुवायचे आहेत," वहिनीने आणखी माहिती पुरवली. "शिकेकाईने!"

मंडळींनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि ती मजकुराकडे वळली. 'सन्मानपूर्वक' असावे की 'सादर' असावे, यावर आबा आणि चिटणीस यांच्यात मतभेद होता. आबांचे म्हणणे, सादर हे प्रजेने सरकारला करायचे असते, सरकारने प्रजेला नव्हे. हा मुद्दा रंगात आला असताना वाऱ्याची झुळूक आली.

"तोंडे फिरवा!" वहिनी ओरडली.

सहा प्रतिष्ठित गृहस्थ एका दमात भिंतीकडे वळले. भिंतीवर नानांचा हाराचा फोटो होता. सर्वांनी तो बारकाईने पाहिला.

"हे कोपर कोणाचे?" एका सभासदाने विचारले.

पुढच्या पाऊण तासात मंडळींनी तो फोटो सहा-सात वेळा पाहिला. 'सन्मानपूर्वक' मागे पडले. नऊ वाजले, सव्वानऊ होत आले. अध्यक्षांनी घड्याळ काढले.

"नाना, मला निघायला हवे."

निघायचे तर अंगणातून आणि अंगणात मोरी. नाना ओसरीच्या कडेला गेले, आकाशाकडे पाहिले आणि खाकरले.

तांब्या वाजला.

"याचा अर्थ काय?" अध्यक्षांनी हळूच विचारले.

"थांबा."

थोडा वेळ गेला. या वेळी नाना दोनदा खाकरले. तांब्याही दोनदा वाजला.

"आणि दोनदा वाजला तर?"

"दोनदा आजवर वाजला नव्हता," नाना म्हणाले.

मग अध्यक्ष स्वतः उठले आणि खाकरले. कोर्टात साक्षीदाराला दचकवणारे ते खाकरणे होते. त्यांच्यामागून चिटणीस खाकरले, सभासद खाकरले, आबांना तर खोकल्याची उबळच आली. सगळ्यांना मिळून एकदाच तांब्या वाजला. त्यापाठोपाठ अंगावर पाणी ओतल्याचा सावकाश, समाधानी आवाज आला. दूर स्टेशनावर गाडीने शिट्टी दिली. अध्यक्ष मटकन खाली बसले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, मग काही नव्हते, मग ते खो खो हसू लागले.

"नाना, बाक सावकाश होईल," ते डोळे पुसत म्हणाले. "गावाकडे बसायला पुष्कळ जागा आहेत. आधी इथे भिंत घाला. चिटणीस, लिहून घ्या. परताव्याची रक्कम प्रथम अत्यावश्यक बांधकामास लावावी, असे मंडळाचे एकमत आहे."

"एकमत," सभासद भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

मोरीतून आवाज आला, "भिंतसंगे दार बी लिखा!"

चिटणिसांनी दार लिहिले.

वहिनी आणि अक्का यांच्यात हे आधी ठरले होते का, हे मी दोघींनाही पुढे विचारले. वहिनी म्हणाली, अक्कांना विचारा. अक्का म्हणाली, केसमा फार धूळ व्हती.

नाना दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. बाकासाठी योजलेला सगळा थाट त्यांनी न्हाणीघराकडे वळवला. मुहूर्त काढून नारळ फोडला. सिमेंट मिळणे कठीण, तेव्हा विटा आणि चुना. बाकाच्या पाठीवर जायचा तो मजकूर एका शहाबादी फरशीच्या तुकड्यावर कोरला गेला आणि तो न्हाणीघराच्या भिंतीत बसवला. सन्मानपूर्वक हाच शब्द राहिला. दार करायची वेळ आली तेव्हा पैसे संपत आले होते आणि लढाईमुळे लाकूड हाताला लागत नव्हते. भावाने खटपट करून, बंद पडलेल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामाचे दार स्वस्तात मिळवले. अस्सल सागवान, वर लोखंडी पट्ट्या, आणायला चार माणसे लागली. नाना त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"असे दार मामलेदारांच्या बंगल्याला नाही," म्हणाले.

पाऊस सुरू व्हायच्या आधी उद्घाटन झाले. अध्यक्ष मोठ्या मनाने आले. फक्त त्या दिवशी गाडी धरायची नाही याची खात्री करून आले. नानांनी भाषण केले. सरकार आणि रयत यांचा एकमेकांवरचा विश्वास, कुटुंबातील स्त्रीचे स्थान, आणि कोणत्याही राष्ट्राची उंची त्याच्या घरातल्या व्यवस्थेवरून कशी मोजावी, असे तीन भाग होते. तिसरा भाग चालू असतानाच अक्का घंगाळ घेऊन आत गेली आणि तिने ते दार ओढून घेतले. दार धाडकन लागले. नाना थांबले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या आणि दार आपल्या वजनाने पुन्हा हळूहळू उघडू लागले. आतून अक्काचा हात आला, दार ओढले गेले, पुन्हा उघडू लागले.

"अहो," आतून आवाज आला, "मझार कडीच नही शे!"

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. कडी होती. हाताएवढी लोखंडी कडी, कोयंडा, कुलपाची सोय, सगळे होते, आणि सगळे आमच्या बाजूला होते, मझार म्हणजे आत काहीच नव्हते. नानांनी भावाकडे पाहिले. भाऊ खाली मान घालून म्हणाला ते खरेच होते. गोदामाच्या दाराला कडी बाहेरूनच असते. आत कापसाच्या गाठी असतात, आणि त्यांना दार लावून घ्यायचे नसते.